घरातलं कासव : खाणं, ऊन आणि दुखणी

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. वक्ते बडोद्यात अनेक वर्षं पशुवैद्य म्हणून काम करून निवृत्त झाले आहेत. व्याख्यानानंतरची काही प्रश्नोत्तरं शेवटी दिली आहेत.)



आपल्या उत्सवात कीर्तन होतं, नाट्यगीतं होतात, मुलांची एकांकिका होते. त्यात एका म्हाताऱ्या पशुवैद्याचं व्याख्यान, आणि तेही कासवावर! विषय सांगितला तेव्हा आपले सेक्रेटरी म्हणाले, "डॉक्टर, कुत्र्या-मांजरांवर बोला ना, लोकांच्या उपयोगी पडेल." मी म्हटलं, कुत्र्याला काय होतंय ते कुत्रा स्वतःच सांगतो. कासवाचं सांगायला कोणीतरी लागतं.

जरा हात वर करा बघू. कोणाकोणाच्या घरी कासव आहे? एक, दोन, तीन... नऊ. आणि हात वर करावा की नाही अशा विचारात असलेले आणखी चार-पाच जण असतील. ते का संकोचतात तेही मला माहीत आहे. आजचं बोलणं त्यांच्यासाठीही आहे.

मला आज मुख्यतः एकच गोष्ट तुमच्यापर्यंत पोचवायची आहे. कासव लवकर मरत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की ते बरं आहे. कुत्र्याला दोन दिवस खायला घातलं नाही तर तो घर डोक्यावर घेतो. कासवाच्या अंगाची ऊब बाहेरच्या हवेवर अवलंबून असते, त्यामुळे त्याला शरीर चालवायला फार थोडी शक्ती लागते. चुकीच्या खाण्यावर ते सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं काढतं. तोवर आतली हाडं पोकळ झालेली असतात, डोळे सुजलेले असतात, मूत्राशयात खडा झालेला असतो. माझ्याकडे कासवं यायची ती बहुतेक अशी, फार उशिरा. आणि घरचे सांगायचे, "डॉक्टर, कालपर्यंत एकदम छान होतं हो!" काल ते छान नव्हतं. ते फक्त गप्प होतं.

आधी ओळखा, कासव कोणतं आहे

मराठीत आपण सगळ्यांनाच कासव म्हणतो. आपले गुजराती शेजारीही सगळ्यांना 'काचबो'च म्हणतात. पण जमिनीवर राहणारं कासव आणि पाण्यात राहणारं कासव यांचं खाणं, राहणं सगळं वेगळं आहे, आणि निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही, खोल पाण्यात ते बुडून मरतं. पाण्यातल्या कासवाला कोरड्या फरशीवर ठेवून समोर खाणं टाकलं तर त्याला गिळताच येत नाही, कारण घास पाण्याबरोबरच त्याच्या घशाखाली उतरतो.

पाय बघा. हत्तीच्या पायासारखे खांबासारखे, बोटं वेगळी न दिसणारे पाय असतील तर ते जमिनीवरचं. बोटांमध्ये पडदा आणि लांब नखं असतील तर ते पाण्यातलं.

आपल्याकडे घरात आढळतात ती प्रामुख्याने तीन. पहिलं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं, पाण्यातलं कासव, रेड-इअर्ड स्लायडर. हे मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. दुसरं, आफ्रिकेतलं सल्काटा. ते जमिनीवरचं, मातकट रंगाचं. तळहाताएवढं असताना विकतात, पण मोठं झाल्यावर ते चाळीस-पन्नास किलोचं होतं आणि अंगणात बीळ खणतं. तिसरं, काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं स्टार कासव. हे मूळचं इथलंच, गुजरात-राजस्थानच्या कोरड्या माळांवरचं आणि दक्षिण भारतातलं.

कायद्याचं दोन मिनिटांत

हे तिसरं कासव घरात ठेवता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. आता स्टार कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघ-सिंहाच्या पंगतीत. ते पकडणं, विकणं, विकत घेणं, बाळगणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. शेतातल्या विहिरीत किंवा पावसाळ्यात रस्त्यावर सापडणारं मऊ पाठीचं देशी कासवही संरक्षितच आहे. तेही उचलून घरी आणायचं नाही.

सल्काटासारख्या परदेशी प्राण्यांसाठी २०२४ साली नियम आले. ज्यांचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो, असे प्राणी घरी असतील तर सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. ज्यांनी केली नसेल त्यांनी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन चौकशी करावी.

आणि कासव घरात असलं की लक्ष्मी टिकते, असं सांगून दुकानदार विकतात. आपल्या शिवमंदिरांत नंदीच्या पुढे कासव असतंच, पण ते दगडाचं. आपल्या पूर्वजांनी देवासमोर जिवंत कासव बांधून ठेवलं नव्हतं. घरात शुभ म्हणून ठेवायचं असेल तर पितळेचं ठेवा. त्याला ऊन लागत नाही आणि कॅल्शियमही लागत नाही.

जमिनीवरच्या कासवाचं ताट

आता खाण्याकडे येऊ. सल्काटासारखं कासव म्हणजे छोटी गाय समजा. त्याच्या खाण्यात पाऊण हिस्सा, खरं तर त्याहूनही जास्त, गवत हवं, ओलं किंवा वाळलेलं. उरलेल्यात रुंद पानांच्या वनस्पती.

तुम्हाला गंमत वाटेल, पण या समोरच्या मूर्तीसमोर जे वाहिलंय ना, त्यातल्या दोन गोष्टी कासवाला सगळ्यात चांगल्या. दूर्वा आणि जास्वंद! दूर्वा म्हणजे परदेशात ज्याला बर्म्युडा गवत म्हणतात तेच. कासवं पाळणारे लोक तिकडे ते पैसे देऊन विकत घेतात. जास्वंदीची फुलं आणि पानं दोन्ही चालतात. त्याशिवाय तुतीची पानं, द्राक्षाच्या वेलीची पानं, काटे काढलेला फड्या निवडुंग. निवडुंगात कॅल्शियम भरपूर असतं.

मात्र थांबा. उद्या निर्माल्य उचलून कासवाला घालू नका! त्यावर कुंकू असतं, गुलाल असतो, बाजारच्या फुलांवर औषध मारलेलं असतं. आणि आपल्या एकवीस पत्रींत धोत्रा, कण्हेर आणि रुई असते. तिन्ही विषारी. पूजेत त्यांचा मान आहे, कासवाच्या पोटात नाही. दूर्वा द्यायच्या तर कुंडीत लावा, स्वच्छ ठिकाणच्या खुडा, धुवा आणि द्या.

काय देऊ नये याची यादी मोठी आहे. पोळी, भात, पाव, बिस्किट, दूध, पनीर, डाळ, कुत्र्याचं खाणं, यातलं काहीही नाही. "आवडीने खातं" म्हणून केळं देतात. आवडीने खातं ते खरंच, आपली नातवंडं चॉकलेट आवडीने खातात तसंच. पण गोड फळांनी गवत खाणाऱ्या कासवाच्या पोटातले उपयोगी जंतू बिघडतात, जुलाब होतात. काकडी आणि सॅलडच्या पानांत नुसतं पाणी. पालकात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. कधीतरी एखादं पान चालेल, रोज नाही. कोबी-फ्लॉवरचंही तसंच. दुभत्या जनावरांसाठी आपल्याकडे मिळतो तो रजको, म्हणजे लसूणघास, त्यात प्रथिनं जास्त, म्हणून तो थोडाच.

कॅल्शियमचा हिशेब सोपा आहे. खाण्यात फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम निदान दुप्पट हवं. त्यासाठी काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यात ठेवा, ते कुरतडेल. किंवा अंड्याचं कवच उकळून, वाळवून, बारीक पूड करून आठवड्यातून दोनदा पानांवर भुरभुरा. पानाचा चुना मात्र घालायचा नाही. चुन्यातही कॅल्शियमच आहे, असं एका गृहस्थांनी मला पटवून दिलं होतं. आहे, पण तो दाहक आहे, तोंड भाजतं.

पाण्यातल्या कासवाचं ताट

स्लायडर लहानपणी मांसाहारी आणि मोठेपणी बराचसा शाकाहारी होतो. लहान असताना रोज थोडे चांगले दाणे, म्हणजे पेलेट, त्याच्या डोक्याएवढ्या मापाने. जास्त नाही. बरोबर गांडूळ, एखादा छोटा मासा. शाकाहारी घरांत मासा आणायला अडचण होते, तिथे चांगल्या प्रतीच्या पेलेटवर भागतं. मोठं झालं की पेलेट एक दिवसाआड, आणि रोज पालेभाजीची पानं, किसलेलं गाजर, लाल भोपळा.

दुकानात वाळवलेल्या कोळंबीची छोटी डबी मिळते. ते कासवाचं जेवण नव्हे, तो फरसाण आहे. वर्षभर फक्त ती डबी खाल्लेली कासवं माझ्याकडे आणत, डोळे सुजून बंद झालेले. अ जीवनसत्त्व कमी पडल्याचं ते लक्षण. डोळे मिटले की त्याला खाणं दिसत नाही. दिसत नाही म्हणून खात नाही, आणि खात नाही म्हणून आणखी खालावतं. घरचे म्हणतात, झोपून असतं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून डोळ्यांचे थेंब आणून घालू नका, आणि अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही अंदाजाने देऊ नका. ते जास्त झालं तर कातडी सोलून निघते. खाण्यातून सुधारणं सगळ्यात सुरक्षित, बाकी डॉक्टरच्या हिशेबाने.

त्याला खाणं वेगळ्या टबात द्या. अर्ध्या तासाने परत टाकीत. टाकीतलं पाणी घाण होत नाही, आणि पाणी स्वच्छ राहिलं की निम्मी दुखणी टळतात.

ऊन आणि पाणी

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, ऊन. कॅल्शियम नुसतं पोटात जाऊन उपयोग नाही, ते हाडात जायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते कातडीत तयार होतं उन्हातल्या एका विशिष्ट किरणाने, यूव्ही-बीने. हा किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाही. "आमच्या हॉलमध्ये भरपूर ऊन येतं" याचा म्हणून उपयोग नाही. साधा दिवा ऊब देतो, यूव्ही-बी देत नाही. सकाळचं कोवळं ऊन, अर्धा-पाऊण तास, काच नसलेल्या जागी. जागेचा निम्मा भाग सावलीत हवा, म्हणजे त्याला हवं तेव्हा सरकता येईल. फ्लॅटमध्ये ऊन येतच नसेल तर यूव्ही-बीची ट्यूब मिळते. ती पेटत राहिली तरी सहा महिने ते वर्षभरात तिचा तो किरण संपतो, म्हणून तारीख लिहून ठेवा आणि बदला.

बडोद्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. त्या उन्हात काचेची टाकी ठेवली तर कासव अक्षरशः शिजतं. त्याला घाम येत नाही. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आतलं ऊन, नंतर सावली.

स्लायडरला पाण्याबाहेर येऊन अंग पूर्ण वाळवायला एक कोरडी जागा हवीच हवी. वीट ठेवा, लाकूड ठेवा. पाणी साधारण २४ ते २७ अंशांचं, आणि ती कोरडी जागा ३०-३२ अंशांची.

जमिनीवरच्या कासवाला आठवड्यातून दोन-तीनदा कोमट पाण्यात बसवा, पंधरा-वीस मिनिटं. पाणी हनुवटीच्या खालीच राहिलं पाहिजे. ते पाणी पितं, मूत्राशय मोकळं करतं. त्यात पांढरं, दह्यासारखं मऊ काही पडलं तर घाबरू नका, ते नेहमीचंच. ते वाळूसारखं खरखरीत झालं तर मात्र पाणी कमी पडतंय आणि खडा होण्याची वेळ आली आहे असं समजा.

सल्काटाच्या पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात, तुम्ही पाहिले असतील. पूर्वी आम्ही सगळे वैद्य म्हणायचो की प्रथिनं जास्त झाली. २००३ साली सल्काटाच्या पिल्लांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा परिणाम जास्त आहे. तेव्हा वाढत्या वयातलं पिल्लू एसीच्या किंवा पंख्याच्या झोतात ठेवू नका, बसायच्या जागेचा एक कोपरा दमट ठेवा.

आणि थंडी. "कासव हिवाळ्यात झोपतं" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. सल्काटा शीतनिद्रा घेत नाही. घरातल्या टाकीतल्या स्लायडरलाही तिची गरज नाही. आपल्याकडे जानेवारीत रात्री दहा-बारा अंशांपर्यंत पारा उतरतो. कासव गारठतं, पचन थांबतं आणि खाल्लेलं पोटात कुजतं. त्या दिवसांत ऊब द्या. गार पडलेल्या कासवाला आधी खायला घालू नका, आधी अंग गरम होऊ द्या.

दुखणी : काय बघायचं

पाठ ही पेटी नाही. तो जिवंत हाडाचा भाग आहे. बरगड्या आणि पाठीचा कणा जुळून ती झालेली असते आणि तिला स्पर्श कळतो. म्हणून रंग लावणं, भोक पाडून दोरी बांधणं, तेल चोळणं, तारेच्या घासणीने घासणं, सगळं बंद. तेलाला धूळ चिकटते आणि बुरशी धरते. मऊ टूथब्रश आणि साधं पाणी पुरे. स्लायडरच्या पाठीवरून पातळ, पारदर्शक पापुद्रे गळतात, ती त्याची कात आहे. पण वास येत असेल, खड्डे पडले असतील, बोटाने दाबलं तर पाठ दबत असेल, तर उशीर करू नका. पिल्लाची पाठ थोडी मऊ असते, पण वर्षा-दीड वर्षाच्या कासवाची पाठ दबली तर हाडं गेली आहेत.

नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, पोहताना एका अंगावर कलणं, ही फुप्फुसाच्या आजाराची लक्षणं. कासवाला आपल्यासारखं खोकता येत नाही, बरगड्या पाठीत जुळलेल्या असतात, त्यामुळे साचलेला कफ बाहेर पडत नाही. "सर्दी झाली असेल, जाईल" म्हणून आठवडा घालवू नका. आणि अशा वेळी ड्रॉपरने तोंडात पाणी सोडू नका, ते फुप्फुसात जातं.

गॅलरीतून पडलं, कुत्र्याने चावलं, पाठ फुटली तर जखम स्वच्छ पाण्याने धुवा, ओलसर निर्जंतुक कापडाने झाका आणि न्या. घरी फेव्हिक्विक किंवा एम-सील लावून बंद करू नका. आत घाण राहते आणि वरून आपण झाकण लावलेलं असतं.

आता औषधाबद्दल एक गोष्ट, ही प्रत्येकाने लक्षात ठेवावी. आयव्हरमेक्टिन. गाई-गुरांना, कुत्र्यांना जंतांसाठी आणि गोचिडांसाठी सर्रास देतात. कासवाला ते घातक आहे, लकवा होऊन ते मरतं. कोणी "अर्धा मिली टोचून घ्या" म्हणालं तर हात जोडून उठा. आधी विष्ठा तपासून घ्या, मग कासवाला चालणारं औषध डॉक्टर ठरवतील. आपल्याकडे कासवं नेहमी पाहणारे डॉक्टर मोजकेच आहेत, म्हणून दुखणं यायच्या आधीच, कासव धडधाकट असतानाच, आपल्या गावात असा डॉक्टर कोण ते शोधून ठेवा.

माद्यांचं वेगळं आहे. नर नसला तरी ती अंडी घालू शकते, पिल्लं होत नाहीत इतकंच. खणायला माती मिळाली नाही तर अंडी अडकतात. मादी अस्वस्थ होते, मागच्या पायांनी फरशी खरवडते, खाणं सोडते. एक्स-रे काढा आणि खणता येईल असा मातीचा टब द्या. आणि स्लायडरच्या नराची पुढची नखं मुळातच लांब असतात. ती वाढली म्हणून कापून आणू नका!

शेवटचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे. एक वही आणि स्वयंपाकघरात असतो तसा डिजिटल काटा, पण स्वयंपाकाचा नव्हे, कासवासाठी वेगळा. दर पंधरा दिवसांनी वजन घ्या, तारीख टाका, काय खाल्लं ते लिहा. वजन दहा टक्के उतरलं, म्हणजे पाचशे ग्रॅमचं साडेचारशे झालं, तर बाकी सगळं छान दिसत असलं तरी डॉक्टरकडे जा. कासव बोलत नाही. ती वही त्याच्या वतीने बोलते.

उपचाराला उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं नसतं, हेही सांगतो. नेपोलियनला जिथे कैदेत ठेवलं होतं त्या सेंट हेलेना बेटावर जोनाथन नावाचं एक महाकाय कासव. त्याचा जन्म १८३२च्या सुमाराचा मानतात, म्हणजे आपल्या सयाजीराव महाराजांच्याही आधी तीस वर्षं. जो हॉलिन्स नावाचे पशुवैद्य तिथे आले तेव्हा जोनाथन आंधळा झालेला, वास येईनासा झालेला, वाळलेला. त्याची चोच बोथट होऊन ठिसूळ झाली होती, गवत तुटत नव्हतं. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा हाताने भाज्या आणि फळं भरवायला सुरुवात केली. वजन भरलं, आणि चोच पुन्हा धारदार झाली! चोच म्हातारपणाने नव्हे, कमी पोषणाने गेली होती. पावणेदोनशे वर्षांच्या कासवाला खाण्याने फरक पडतो, तर आपल्या पाच वर्षांच्या स्लायडरला का नाही पडणार?

माझं बोलणं इथे थांबवतो. प्रश्न असतील तर विचारा.

प्रश्नोत्तरं

*एक आजी : डॉक्टर, आमच्याकडे नैवेद्याचा दहीभात सगळ्यांना मिळतो. कासवाला एक घास दिला तर इतकं काय बिघडतं?*

आजी, देवाचा घास ना? मग त्याच्या नावाने चार दूर्वा द्या. दूध-दही पचवण्यासाठी लागणारं काही त्याच्या पोटात नाही. एका घासाने मरणार नाही, पण रोजचा एक घास म्हणजे वर्षाचे ३६५ घास.

*एक तरुण : आमचा स्लायडर फारच मोठा झालाय. सुरसागरमध्ये सोडला तर तो मोकळा राहील ना?*

तो राहील, इथली कासवं राहणार नाहीत. स्लायडरचं नाव जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परकीय जातींच्या यादीत आहे. ऊन खायच्या जागा आणि खाणं तो देशी कासवांकडून हिसकावतो, रोगही नेतो. आपल्या विश्वामित्रीत मगरी आहेत, आपली स्वतःची कासवं आहेत, भर शहरात असं भाग्य फार थोड्या गावांना आहे. ते बिघडवू नका. मोठी टाकी करा, किंवा घरी जागा असलेल्या माणसाला द्या. सुरसागरमध्ये आणि विहिरीत नाही. नाण्याएवढं पिल्लू घेताना हेही लक्षात घ्यायला हवं की मादी दहा-बारा इंचांची होते आणि तीस वर्षं जगते.

*एक आई : माझा मुलगा चार वर्षांचा आहे. तो कासवाशी खेळतो. काही धोका?*

आहे. कासवाच्या अंगावर सालमोनेला नावाचे जंतू असू शकतात. कासव त्याने आजारी दिसत नाही, मूल आजारी पडतं. अमेरिकेत याच कारणाने १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नका, लांबून बघू दे. मोठ्यांनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे, आणि टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीही धुवायची नाही.

*एक शाळकरी मुलगी : कासव आपल्याला ओळखतं का?*

खाणं देणाऱ्या माणसाला चांगलं ओळखतं. तू रोज त्याच वेळी दिलंस तर तुला बघून ते काचेपाशी येईल. आणि एखाद्या दिवशी आलं नाही तर ते आधी तुझ्याच लक्षात येईल. मग लगेच आईला सांगायचं.

*एक गृहस्थ : एका परिचितांकडे... म्हणजे आमच्या ओळखीतल्यांकडे, आजोबांच्या वेळेपासून स्टार कासव आहे. घरातल्यासारखं झालंय. त्यांनी काय करावं?*

तुमच्या परिचितांना माझा निरोप द्या. त्यांनी ते प्रेमाने सांभाळलं असणार यात शंका नाही. पण आजोबांनी आणलं म्हणून कायदा बदलत नाही, आणि त्या कासवाला दवाखान्यात उघडपणे नेताही येत नाही, म्हणजे दुखणं आलं तर ते लपवतच मरणार. वकिलाचा सल्ला घ्यावा आणि वनखात्याकडे स्वतःहून जावं. कोणी तक्रार केल्यावर सापडण्यापेक्षा ते केव्हाही बरं. रात्री गाडीतून नेऊन माळावर सोडून येऊ नये. इतकी वर्षं हातून खाल्लेल्या कासवाला रानात खाणं शोधता येत नाही, आणि आपल्या घरचा रोग तिथल्या कासवांना लागतो. जाताना काय खातं, काय आजार झाले होते, ते कागदावर लिहून द्यावं.

*एक ज्येष्ठ सभासद : आम्ही दोघंच आहोत, मुलं न्यू जर्सीला. आमचा स्लायडर बारा वर्षांचा आहे. आमच्यानंतर त्याचं काय?*

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, तुम्ही विचारलात हे बरं केलंत. तुमच्याकडे अजून पंधरा-वीस वर्षं जगू शकेल असा जीव आहे. आजच, तब्येत चांगली असताना, कोणाला द्यायचा ते ठरवा आणि त्या माणसाला विचारून ठेवा. परस्पर ठरवू नका. मघाशी सांगितलेली वही तयार ठेवा, तिच्या पहिल्या पानावर डॉक्टरचा फोन, खाण्याच्या वेळा आणि दिवा बदलल्याची तारीख. ज्याला देणार आहात त्याला महिन्यातून एकदा घरी बोलवा, त्याच्या हातून खायला घाला. इथे मघाशी नऊ हात वर झाले होते. त्या नऊ घरांनी एकमेकांचे फोन नंबर घेतले तरी पुष्कळ होईल. गावाला जाताना कासव कोणाकडे ठेवायचं तोही प्रश्न सुटेल.

सेक्रेटरी घड्याळ दाखवताहेत, पुढे मुलांचा कार्यक्रम आहे. नऊ जणांनी जाण्यापूर्वी मला भेटून जा. गणपती बाप्पा मोरया!